दर्शनी भिंत

लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा बॉयलर अंगणात बसला, सगळं जुनं शेतघर आपोआप ऊबदार झालं आणि म्हाताऱ्या ऑस्वाल्डची कुऱ्हाड खुंटीला टांगली गेली. म्हणूनच ऐन बर्फात त्याचा मुलगा रुपर्ट जेव्हा म्हणाला, "बाबा, दर्शनी भिंतीशी थोडी लाकडं फोडून रचता का?" तेव्हा म्हातारा मनातल्या मनात हसला.

"का रे, दमलं वाटतं तुझं यंत्र?"

तळहात सोलवटेपर्यंत त्याने लाकडं फोडली, भिंतीशी रचली आणि ओंजळभर ढलप्या घेऊन तो चुलीकडे निघाला.

"चूल नका पेटवू, बाबा. उद्या व्हिएन्नाचे पर्यटक राहायला येताहेत, त्यांना फोटोत लाकडं लागतात." रुपर्टने दोन पावलं मागे सरून भिंतीकडे पाहिलं. "आणि उद्या तुम्हीपण तिथेच बसा, ती जुनी टोपी घालून. शोभून दिसेल."