अपुरी कविता

"ही कविता? ही तर तार झाली, तार!" नानासो मास्तरांनी वही टेबलावर आपटली.

आकारामने वही उचलून जवळ घेतली. सांगलीहून तो मुद्दाम साताऱ्याला आपल्या जुन्या मास्तरांकडे आला होता. ब्रह्मदेशच्या लढाईत एका मेलेल्या जपानी शिपायाच्या खिशात त्याला ही वही सापडली होती. पलटणीतल्या दुभाष्याने एका कवितेचा अर्थ सांगितला, तो त्याने शेजारीच पेन्सिलीने मराठीत उतरवला होता.

तो दारात येताच मास्तरांनी एकच विचारलं होतं, "आमच्या हंबीरचं काही कळलं?"

मास्तरांचा हंबीर त्याच लढाईत बेपत्ता झाला होता. लढाई संपून वर्ष झालं तरी पत्ता नव्हता. आकारामची पलटण वेगळी; मास्तर सांगलीला शिकवायचे तेव्हा हंबीर साताऱ्यालाच असायचा, त्यामुळे आकारामने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि ही वही पुढे केली. तीही जपान्याची! मास्तरांचं डोकं फिरायला एवढं पुरे होतं.

"मास्तर, ह्येला हायकू म्हंत्यात. तीनच वळी. बघायचं आन् थांबायचं. पुढचं वाचणाऱ्यानं वळखायचं."

"वाचणाऱ्यानं का? कवीला काय धाड भरली?"

मास्तरांनी वही पुन्हा ओढली आणि वेडावत वाचलं:

थंड पडलेला हात.
गोंदलेल्या विंचवाला
नांगीच नाही.

"कुणाचा हात? त्याला आईबाप आहेत की नाहीत? दुःखाचा एक शब्द नाही! आपली ओवी बघ, माणूस पोटभर रडतो तिच्यात. आणि विंचवाला म्हणे नांगी नाही! लेकाला धड बघताही येत नाही."

"त्येनं लय नीट बघितलंय!" आता आकारामही तापला. "दुभाष्या म्हनला, आपल्या शिपायाचा, म्हंजी त्येच्या वैऱ्याचा हात हुता, तरी बघितलंय. तुमी कुटलीबी गोष्ट पुरी हू देत न्हाई, मास्तर."

आत मास्तरांच्या पत्नी, अंबूबाई, जोंधळे निवडत होत्या. त्या सूप तसंच टाकून उंबऱ्यात आल्या.

"परत वाच रं आकाराम."

त्याने वाचलं.

"झालं, संपली!" मास्तर बायकोवर खेकसले. "आहे काय त्यात? तूच सांग!"

अंबूबाई नवऱ्याकडे वळल्या.

"आवं, नांगी गोंदायची ऱ्हायली हुती. म्हसवडच्या जत्रंत तुमीच हंबीरला हात धरून वडत आणलंसा."