जांभळी इरकल

बनाबाईंनी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि दाराजवळचे दोन्ही खांब एकदम बोंबलायला लागले.

दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली. बनाबाई देऊळघाटहून आल्या होत्या, पिशवीत एक साडी घेऊन, फॉल-पिको करायला. त्यांना वाटलं, चपला घालून आत आलो म्हणून हा गोंगाट. बिचाऱ्या मागे सरून चपला काढायला लागल्या.

पूनम काउंटरमागून धावत आली. हे खांब आजवर बाहेर जाणाऱ्यांवर ओरडले होते, आत येणाऱ्यावर पहिल्यांदाच. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"शेठ! सापडली! जांभळी इरकल सापडली!"

दिवाळीनंतर भगवानराव शेठनी बुलडाण्यातल्या आपल्या दुकानात एकूण एक साडीला टॅग लावून घेतला होता. पूर्वी माल मोजायचा म्हणजे दोन दिवस दुकान बंद, आणि चौघांनी मोजलं तर चार आकडे. आता हातातलं यंत्र कपाटांपुढून फिरवलं की चहा निवायच्या आत मोजणी पूर्ण. बिल झालं की टॅग काढून घ्यायचा. टॅगसकट कोणी दाराबाहेर पडलं की खांब ओरडणार. मागचं दार शेठच्या घरातच उघडायचं, तिथे खांबांची गरज नव्हती.

हा सगळा कारभार पूनमकडे होता. पण लग्नाची रजा संपवून ती कामावर आली, त्या दिवसापासून यंत्राने एकच रडगाणं लावलं होतं. एक साडी कमी. रेशमी इरकल, जांभळी. तिचं बिलही नाही आणि टॅगही नाही.

साडी गेली ती नेमकी पूनमच्या लग्नाच्या तोंडावर. शेठ तोंडाने काही म्हणाले नव्हते, पण इरकलींच्या कपाटाची किल्ली त्यांनी तिच्याकडून काढून घेतली. बाकीच्या मुली डबा खाताना तिच्याकडे पाठ करून बसू लागल्या. आणि सोमवारी शेठनी सांगून टाकलं, "शनवारपर्यंत शोध. नाही तं पुढच्या सोमवारपासून येऊ नोको."

आज शनिवार होता. घरी तिने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. नव्या सासरी जाऊन काय सांगणार, की चोरीच्या संशयावरून नोकरी गेली?

म्हणून आता बनाबाईंच्या पिशवीतून ती जांभळी घडी बाहेर आली तेव्हा पूनमचा जीव भांड्यात पडला. टॅग पदराच्या घडीत जसाच्या तसा होता.

"बाई, ही साडी कोठून आणली तुमी?" शेठनी विचारलं.

"कोठून म्हंजे?" बनाबाई भडकल्या. "आहेरात आली! चोरटी वाटली का मी तुमाले? माह्या पोराच्या लग्नात वडनेरच्या अश्विनीनं देली. थांबा, तिलेच इचारा."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काउंटरवर आपटला.

अश्विनी आधी आढेवेढे घेत राहिली. मग म्हणाली, "आता काय लपवू, मावशी. मी तं तो पुडा फोडला बी नाही. आमच्या वास्तुशांतीले आलता. बुलडाण्याच्या रुखमा मामीनं देलता."

"म्हंजे मले फिरता आहेर देला वं तू?"

सगळं दुकान हसलं. शेठसुद्धा हसले. पूनमला मात्र हसू येईना. रुखमाबाई तिच्या सासूचं नाव. बुलडाण्यात रुखमाबाया ढीगभर असतील, तिने स्वतःला समजावलं.

"कोन्त्या रुखमाबाई?" शेठनी फोनकडे वाकून विचारलं.

"हर्षलदादाची माय. आताच तं लगन झालं त्याचं, फाल्गुनात."

हसणं थांबलं. शेठ स्वतः आईला घेऊन त्या लग्नाला गेले होते. हर्षलनेच त्यांना आग्रह करकरून जिलबी वाढली होती.

"हर्षल म्हंजे तुहा नवरा ना वं?" शेठ हळू आवाजात म्हणाले.

देवाशप्पथ ही साडी आपण पाहिलेलीच नाही, असं पूनमला ओरडून सांगायचं होतं, पण आता ते कोण ऐकणार? क्षणभर तिच्या मनात सासूबद्दलच नको ते येऊन गेलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"लाव सासूले फोन," शेठ म्हणाले. "इथंच. सगळ्याईसमोर."

तिने लावला. स्पीकरवर टाकला.

"काय वं पूनम, भर दुपारी?" रुखमाबाईंचा आवाज दुकानभर घुमला.

"आई, वडनेरच्या वास्तुशांतीले तुमी आहेर देला ना... तो पुडा कोठून आणलता?"

रुखमाबाई कुजबुजल्या, पण स्पीकरला कुजबूज कळत नाही.

"हळू बोल बाई, दुकानातच हायेस ना तू? तुह्याच लग्नातला पुडा होता तो, तूच तं न फोडता कपाटातून काढून देला मले. पन शेठले कळू देजो नोको, त्याच्या मायनं सोताच्या हातानं देलता तो तुले."