दाराबाहेरचं बटण

उदगीरच्या घरात गिझरचं बटण शॉवरशेजारीच होतं. ओल्या हातानं लावताना शरणम्माला कधीकधी झिणझिण्या यायच्या, पण तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सिद्धेश्वरअप्पा कुठं मनावर घेणार? त्या सकाळी मात्र जोराचा झटका बसला आणि ती भिंतीवर आदळली. आवाज ऐकून अप्पांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. दुपारी वायरमननं अर्थिंग दुरुस्त करून बटण दाराबाहेर बसवलं. म्हणाला, "आता भीती न्हाई, मावशी." शरणम्मा पुटपुटली, "अंगाला साबण असताना पाणी गार झालं तर?" बायकोला कधी पाण्याचा तांब्याही न दिलेल्या अप्पांनी दाराशी खुर्ची ओढली. "मी हाय की इथं. हाक मार, लावतो." दुसऱ्या दिवशी पाणी शेवटपर्यंत कढत होतं. तरी शरणम्मानं आतून विचारलं, "अवो, बसलाव का तिथं?" "हाव," अप्पा म्हणाले. "सावकाश आंघोळ कर."