पश्चिमेचा कोपरा

"बाई, इतक्या वर्षांनी हाडं ऱ्हात्यात का वो जमिनीत?"

साधना मॅडमनी हातातला ब्रश थांबवून वर पाहिलं. खड्ड्याच्या काठावर शालनबाई उभ्या होत्या. टेकाड त्यांच्याच शेतातलं. चाकणच्या कुठल्याशा कंपनीचं गोदाम बांधायचं म्हणून जेसीबी लागला, आणि पहिल्याच दिवशी भाजक्या विटांची भिंत वर आली. मग साधना मॅडमबरोबर पुरातत्त्व खात्याची माणसं आली, त्यांनी दोऱ्या बांधून चौकोन आखले, आणि हळूहळू एक जुना बौद्ध विहार उघडा पडला. मधे अंगण, भोवती भिक्षूंच्या खोल्या, प्रत्येक खोलीत निजायला विटांचा ओटा.

"राहतात की," साधना म्हणाली. "कधी कधी दोन हजार वर्षंसुद्धा. का हो?"

"आसंच."

शालनबाईंची नजर पश्चिमेच्या कोपऱ्यावर होती. तिथली खोली अजून मातीखालीच होती.

काम सुरू झाल्यापासून त्या रोज येत. बाभळीखाली बसत, उठत, काठाकाठाने फिरत, पुन्हा बसत. भाकरी फडक्यात तशीच राही. मुलगा अजिंक्य फर्स्ट शिफ्ट करून आला की म्हणे, "आई, घरी चल. उन्हात काय ठेवलंय?"

"आले रे," म्हणत आणि हलत नसत.

हाच अजिंक्य रांगत होता तेव्हा त्याचा बाप, चिमाजी, या टेकाडाच्या पश्चिमेच्या अंगाला जाताना शेवटचा दिसला, तो परतलाच नाही. त्या दिवशी सकाळी त्याचं बायकोशी वाजलं होतं आणि दुपारी शेतावर धाकट्या भावाशी, उद्धवरावशी. कोणी म्हणालं सुरतेला गेला, कोणी म्हणालं कुणा बाईबरोबर गेला. पोलिसांनी चौकशी केली आणि सोडून दिलं. शालनबाईंनी कुंकू पुसलं नाही. दिराशी मात्र तेव्हापासून कामापुरतंच बोलत.

आता पश्चिमेची खोली खणायला घ्यायची ठरल्याचं कळताच उद्धवराव तणतणत आले.

"मॅडम, तितं खणू नका. आमच्या म्हसोबाचं ठाणं हाय."

"गावात विचारलं तेव्हा कोणी बोललं नाही, उद्धवराव."

"वैनी, तुमी तरी सांगा की!"

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी कुदळ लागली. कोपऱ्याची माती इतर ठिकाणासारखी घट्ट नव्हती. कुदळ सहज आत जात होती. साधनाने हात वर केला.

"थांबा. ही माती नंतर कधीतरी उकरलेली आहे. आता हाताने काढा."

मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. पलीकडच्या कंपनीचा भोंगा वाजून थांबला. उद्धवराव सरकत सरकत वहिनीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"काय बी निघालं तरी तुमी गप ऱ्हावा," ते पुटपुटले. "बोलायचं त्ये मी बोलंन. अजिंक्यला काय कळू द्यायचं न्हाई."

शालनबाई काठाशी आणखी पुढे सरकल्या.

एकेक पाटी माती वर येत गेली. मग काहीतरी पांढरट लागलं. साधना गुडघ्यांवर बसली, फुंकर मारली, बोटांनी माती बाजूला केली, आणि एकदम हसली.

"काटे आहेत! साळिंदराचं बीळ होतं इथे. म्हणून माती भुसभुशीत."

तासाभरात खोली रिकामी झाली. खाली विटांची जमीन अखंड होती. एक वीटही कोणी हलवलेली नव्हती.

उद्धवराव वहिनीकडे वळले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"वैनी, माफ करा. इतकी वर्सं मला वाटायचं, तुमीच..."

"मला तुमचं वाटायचं," शालनबाई म्हणाल्या.

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्या खड्ड्यात उतरल्या, अखंड विटांच्या सांध्यात नखं घालून ओढू लागल्या.

"बाई, ह्या इटा काढा. आजून खाली बगा. हितंच आसतील त्ये. आमाला टाकून जानारं मानूस न्हवतं त्ये."