पास झालेली बॅटरी

शेन्झेनच्या बॅटरी कारखान्यातला शिए ग्वांगफू सुरक्षा-तपासणीला निवडून चांगल्या बॅटऱ्या पाठवायचा आणि त्यांच्या दाखल्यावर भंगारातला माल जहाजात चढवायचा. तपासणीत त्या नमुन्यांना भट्टीत तापवत, तासन्‌तास हादरवत, धक्के देत. त्यात ते आतून खिळखिळे होत, म्हणून पास झाले तरी मोडीतच काढायचे असत.

वडिलांच्या विजेवरच्या स्कूटरला बॅटरी हवी होती, तेव्हा त्याने त्या पास नमुन्यांतलीच एक गुपचूप घरी आणली.

"बाबा, आम्ही जहाजात चढवतो त्या खोक्यातली नको. ही बघा, एवढे हाल सोसून पास झालीये!"

"म्हणजे तुझ्यापेक्षा हुशार निघाली की," म्हातारा हसला.

चौथ्या दिवशी जळालेल्या घरातून बाबांना झाकून नेल्यावर अग्निशमन दलाचा अधिकारी ग्वांगफूवर कडाडला, "बिनतपासणीची बॅटरी घरात चार्जिंगला लावलीच कशी?"



"साहेब, आमच्याकडे तपासलेली तेवढीच होती."