नेवेनाचं भाषांतर

"बाबा काय म्हणाले?" प्लामेनने विचारलं.

बाबांचे हात अजून हवेतच होते. ते जन्मापासून बहिरे; त्यांचं सगळं बोलणं हातांचं. आत्ता ते नेवेनाला म्हणाले होते, 'तुझी होणारी सासू बघ आणि काचेतला तो फुगीर मासा बघ. सख्खी भावंडं!'

"म्हणताहेत, हॉटेल छान आहे," नेवेना म्हणाली.

वार्ना शहरातल्या त्या हॉटेलात भिंतींच्या जागी काचा होत्या आणि काचांमागे मासे फिरत होते. दोन घरांची ही पहिलीच भेट. जागा नेवेनानेच ठरवली होती. इथे सगळ्यांच्या नजरा माशांवर असतील, बाबांच्या हातांवर नाही, असं तिला वाटलं होतं. पण शेजारच्या टेबलावरच्या दोघी मासे सोडून बाबांकडेच टक लावून बसल्या होत्या.

'हात खाली घ्या, बाबा. हळू बोला,' तिने टेबलाआडून खुणावलं.

'हळू? मी कुठे ओरडतोय?'

पण त्यांनी हात छातीशी ओढून घेतले. ते बघून नेवेनाला स्वतःचीच लाज वाटली. आणि तरी बरंही वाटलं.

प्लामेनची आई, स्नेझानाबाई, फारसं बोलतच नव्हत्या. हात मांडीवर ठेवून नुसत्या बाबांकडे बघत होत्या. ह्यांना ही सोयरीक पसंत नाही, असं नेवेनाने मनाशी धरलं.

तळलेले मासे संपत आले तेव्हा बाबा राकिया दारूचा पेला उचलून उभे राहिले. मग पेला खाली ठेवला; बोलायला दोन्ही हात हवे होते.

'हिची आई बाळंतपणातच गेली. घरात बोलणारं कोणी नाही. पोर मुकी राहील ह्या भीतीने मी दिवसभर रेडिओ लावून ठेवायचो. बंद तर पडला नाही ना, म्हणून सारखा हात लावून बघायचो. ही पहिला शब्द बोलली, तेव्हा शेजारीण धावत आली मला सांगायला.'

सगळं हॉटेल बघत होतं. नेवेनाचे कान तापले.

"म्हणताहेत, दोघं सुखात राहा."

'एवढंच?' बाबांनी विचारलं. 'मी केवढं बोललो!'

'तोंडाने बोलताना कमी शब्द लागतात, बाबा.'

बाबांना ते पटलं. ते खाली बसले.

प्लामेन गाडी आणायला गेला. त्याच्यामागे दार बंद होईपर्यंत स्नेझानाबाई तिकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरचे हात वर घेतले.

'रेडिओचं का गाळलंस?' त्यांच्या सराईत बोटांनी विचारलं.

बाबा बघतच राहिले. नेवेनाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "तुम्ही... तुम्ही हे कुठे शिकलात?"

स्नेझानाबाईंनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं.

'माझी आई अशीच बोलते. प्लामेनला सांगून ठेवलंय, ती वारली.'