पहिली पुकार

“आता पुकार? लग्न लागून चार महिने झाल्यावर?” नवे पाद्रीसाहेब नागपूरचे, तरुण. त्यांना हसू आवरेना.

लटारूभाऊ काही हसले नाहीत. गोंडपिपरीच्या मंडळीचे ते तीस वर्षांपासूनचे प्रचारक. तीन रविवार नवरानवरीची नावं भर उपासनेत पुकारायची, कोणाची हरकत आहे का विचारायचं, मगच लग्न. आजवर एकाही जोडप्याला त्यांनी यातून सूट दिली नव्हती. आणि त्यांच्याच लेकीनं, सुवार्तेनं, चांद्याच्या कचेरीत जाऊन लग्नाची सही ठोकली! नवरा भांदकच्या शाळेतला मास्तर, बिरजू. हिंदू.

चार महिने बाप लेकीशी बोलला नव्हता. तिचं पत्र आलं की तिची आई शकुबाई शेजारणीकडून वाचून घ्यायची, आणि हे महाशय ओसरीवर कान टवकारून बसायचे. काल लेक-जावई मोटारीनं आले. शकुबाईनं हौसेनं रांधलं, पण लटारूभाऊ अर्ध्या ताटावरूनच उठले. राग अजून पोटात होताच, पण त्याहून मोठी होती ती भीती. देवापुढं पुकारलंच नाही ते लग्न देवानं कसं धरावं? आपली पोर त्याच्या नजरेत बिनलग्नाचीच राहिली तर?

“कचेरीच्या फळ्यावर महिनाभर नावं लागली होती की,” पाद्रीसाहेब म्हणाले. “सरकारनंही हरकत विचारली. दिवस बदलले, लटारूभाऊ.”

“सरकारनं इचारलं, साहेब. मंडळीनं नाई इचारलं.”

“अहो, मुलगा ख्रिस्ती नाही. नियमात कुठं बसतंय हे?”

“पोरगी त हाय नं? मले वाचू द्या. मंग काढून टाका मले, बेलाशक.”

पाद्रीसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि खुर्चीत जाऊन बसले.

मंडळीच्या देवळात रविवारची उपासना सुरू झाली. बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे, सगळे सतरंजीवर. सुवार्ता आईला खेटून बसली होती. बिरजू मास्तर बाप्यांच्या शेवटच्या रांगेत, घामाघूम. लटारूभाऊ वही घेऊन उभे राहिले. शेकडो वेळा म्हटलेले शब्द त्यांनी वाचले.

“या मंडळीतील सुवार्ता, लटारू यांची कन्या, आणि भांदकचे बिरजू, देवाजी यांचे पुत्र, यांच्या विवाहाची ही पहिली पुकार. कोणास हरकत असेल, तर त्याने उभे राहावे.”

कोणी हललं नाही. साऱ्या माना मात्र लटारूभाऊंकडेच वळलेल्या. कचेरीत हरकतीचा अर्ज घेऊन कोण धावलं होतं आणि तो कसा फेटाळला गेला, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शकुबाईनं डोळे वटारले. सुवार्तेनं तर डोळे मिटूनच घेतले होते.

लटारूभाऊंनी देवळावरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे बसलेले. अख्ख्या देवळात उभा माणूस एकच होता.

त्यांनी वही मिटली आणि होते तिथंच, सतरंजीवर, खाली बसले.